इच्छा आणि संकल्प

श्रींच्या दर्शनास येणारे भाविक हार, नारळ, पेढे घेऊन येतात. कोणी काहीच न घेता नुसते हात जोडून येतात. परंतु मनात काहीही न घेता आलेला मनुष्य प्रस्तुत लेखकाने संस्थानच्या कार्यालयात इतकी वर्षे बसूनही क्वचितच पाहिला. मुलीचे लग्न जुळावे, मुलाला नोकरी लागावी, बोअरला पाणी लागावे, वाटणीचा दावा मिटावा, आईचे दुखणे हटावे, घरात पाळणा हलावा. अभिषेकाची पावती फाडता फाडता या इच्छा आमच्या कानांवर पडतात. इच्छा असणे हा दोष नव्हे. आपल्या शास्त्रकारांनी चार पुरुषार्थांत 'काम' यालाही स्थान दिले आहे. श्रीमद्भगवद्गीतेच्या सातव्या अध्यायात चार प्रकारचे भक्त सांगितले आहेत, त्यांत आर्त आणि अर्थार्थी, म्हणजे संकटात सापडलेला आणि काही हवे असलेला, या दोघांचीही गणना आहे. आणि त्या चौघांनाही भगवंतांनी उदारच म्हटले आहे. तेव्हा श्रींपुढे मागणे मागण्यात संकोच मानण्याचे कारण नाही.

प्रश्न आहे तो पुढचा. इच्छा मनात पक्की धरली, तिचेच एकाग्रतेने अहोरात्र चिंतन केले, मनात विपरीत विचार येऊ दिला नाही, तर ती पुरी होते काय? गेल्या काही वर्षांत हा प्रश्न कार्यालयाच्या खिडकीशी वारंवार विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या हातात पुष्कळदा एखादे पुस्तक असते. पुस्तिकेत पूजाविधी, उत्सवांचे दिवस आणि भक्तनिवासाची माहिती असताना या विषयास जागा का दिली, असे कोणी विचारील. त्याचे कारण थोडे घरगुती आहे, ते आधी सांगतो.

माझी थोरली बहीण आज हयात नाही. तिला स्तनाचा कर्करोग असल्याचे निदान झाले, शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपी झाली आणि त्यानंतरची काही वर्षे चांगली गेली. त्या काळात एका परिचितांच्या आग्रहावरून ती एका शिबिरास जाऊ लागली. तेथे तिला सांगण्यात आले की मनुष्य ज्याचे चिंतन करतो ते त्याच्याकडे ओढले जाते, म्हणून आजाराचा विचारसुद्धा मनास शिवू देऊ नये. ताईने ते मनापासून पाळले. रोज पहाटे उठून ती वहीत 'मी पूर्ण निरोगी आहे' हे वाक्य एकवीस वेळा लिहीत असे. भीती वाटली तरी बोलत नसे, कारण बोलली की ती खरी होईल असे तिला वाटे. दोन महिने तिची पाठ दुखत होती. तेही तिने कोणास सांगितले नाही. पुढे आजार उलटला. रुग्णालयात एका संध्याकाळी ती मला म्हणाली, "अरे, माझ्या मनात कुठे तरी शंका राहिली असेल का रे? नाही तर असे का व्हावे?"

मला उत्तर देता आले नाही. देहाचे दुखणे तिच्या वाट्याला आलेच होते. त्यावर आपलाच विचार कमी पडला हे दुसरे ओझे कोणी तरी ठेवून गेले होते. कार्यालयाच्या खिडकीशी येणाऱ्या पुष्कळ माणसांच्या चेहऱ्यावर मला पुढे तेच ओझे दिसू लागले. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

ही कल्पना कोठून आली

चिंतनाने वस्तू आपल्याकडे ओढली जाते, हे आपल्या ऋषींनी सांगितले असे पुष्कळांना वाटते. आज पुस्तकांतून आढळणारा हा विचार मुख्यतः अमेरिकेतील आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे 'न्यू थॉट' नावाची एक विचारधारा उदयास आली. रोगाचे मूळ चुकीच्या समजुतीत आहे, समजूत बदलली की रोग जातो, असे तिचे प्रतिपादन होते. तिच्याच वळणावर १९३७ मध्ये नेपोलियन हिल यांचे विचारांतून श्रीमंत होण्याविषयीचे पुस्तक आले, १९५२ मध्ये नॉर्मन व्हिन्सेंट पील या ख्रिस्ती धर्मोपदेशकांचे सकारात्मक विचारांच्या सामर्थ्यावरील पुस्तक आले, आणि २००६ मध्ये रोंडा बर्न यांच्या 'द सिक्रेट' या चित्रपटाने व पुस्तकाने तो विचार घरोघरी नेला. त्यांतील कित्येकांचे मराठी अनुवाद बसस्थानकावरील पुस्तकांच्या दुकानातही मिळतात.

फ्रान्समधील एमिल कुए यांचा उल्लेख येथे करावासा वाटतो. हे औषधविक्रेते होते. आपण दिवसेंदिवस सर्व प्रकारे सुधारत आहोत, अशा अर्थाचे एक वाक्य रोज सकाळी उठताना व रात्री निजताना वीस वेळा पुटपुटावे, असे ते सांगत. आणि मोजणी चुकू नये म्हणून वीस गाठी मारलेली दोरी जवळ ठेवण्यास सांगत. आपल्या जपमाळेचीच ही बहीण म्हणावयाची! १९२६ साली त्यांचे निधन झाले. या गृहस्थांनी रुग्णांस वैद्यकीय उपचार सोडण्यास सांगितले नाही, ही गोष्ट त्यांच्या पदरी जमा केली पाहिजे.

ही सर्व पुस्तके टाकाऊ आहेत असे मला म्हणावयाचे नाही. खचलेल्या माणसास उभे राहण्याचे बळ त्यांनी दिले असेल. परंतु आपल्या परंपरेत 'संकल्प' या शब्दाने जे सांगितले आहे ते याहून वेगळे आहे, आणि ते वेगळेपण प्रत्येक भाविक अभिषेकाच्या वेळी स्वतःच्या तोंडाने उच्चारीत असतो. केवळ ते संस्कृतात असल्यामुळे ध्यानात येत नाही.

गुरुजी काय म्हणवून घेतात

आचमन व प्राणायाम झाल्यावर गुरुजी यजमानाच्या उजव्या हातावर पळीभर पाणी घेण्यास सांगतात आणि संकल्प सुरू होतो. प्रथम काळाचा उच्चार. ब्रह्मदेवाच्या आयुष्याचे दुसरे परार्ध, श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावे कलियुग, त्याचा पहिला चरण. असा अफाट काळ सांगत सांगत गुरुजी शालिवाहन शकावर येतात, मग साठांपैकी चालू संवत्सराचे नाव, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. त्याबरोबरच स्थळ: जंबुद्वीप, भरतवर्ष, दंडकारण्य, आणि शेवटी गोदावरीचा दक्षिण तीर किंवा उत्तर तीर. गोदावरी तुमच्या गावापासून कितीही कोस दूर असली तरी तुम्ही तिच्या कोणत्या अंगाला उभे आहात हे सांगितल्याखेरीज महाराष्ट्रातला संकल्प सहसा पुढे सरकत नाही. त्यानंतर गोत्र आणि नाव. म्हणजे मागणे मागण्यापूर्वी मागणारा कोण, कोठे आणि केव्हा उभा आहे, हे पक्के केले जाते.

त्यानंतर हेतू येतो. सहकुटुंब सहपरिवार क्षेम, स्थैर्य, आयुष्य, आरोग्य, ऐश्वर्य यांची अभिवृद्धी व्हावी, अशी ती मागणी असते. ज्याची विशेष इच्छा असेल त्याची ती इच्छाही याच ठिकाणी घातली जाते. लक्षात घ्यावे की इच्छेची जागा वाक्याच्या मध्यभागी आहे. तेथे वाक्य संपत नाही. पुढे गुरुजी सांगतात की आपल्या ज्ञानाप्रमाणे आणि जे उपचार मिळाले असतील त्यांनी, म्हणजे 'यथामिलित' द्रव्यांनी, अमुक देवतेचे पूजन, आणि मग ते क्रियापद येते: 'करिष्ये'. लगेच त्याच ओघात, हे कार्य निर्विघ्न पार पडावे म्हणून प्रथम महागणपतीचे स्मरण अथवा पूजन करीन, असे म्हणवून घेतात.

'करिष्ये' या शब्दापाशी थोडे थांबावेसे वाटते. मी कला शाखेचा पदवीधर. संस्कृत माझा दुय्यम विषय होता, तेवढ्या आधारावर सांगतो. 'कृ' हा धातू उभयपदी आहे. क्रियेचे फळ कर्त्यालाच मिळावयाचे असेल तेव्हा आत्मनेपद वापरावे, असा पाणिनींचा नियम आहे. 'करिष्ये' हे आत्मनेपदी रूप, प्रथमपुरुषी, एकवचनी, भविष्यकाळी. याचा अर्थ 'माझ्यासाठी मी करीन'. 'मला मिळेल' असा नव्हे, 'माझ्याकडे येईल' असाही नव्हे. संपूर्ण संकल्पात भाविक स्वतःच्या नावाने ज्या गोष्टीची हमी देतो ती फळाची नसून कृतीची असते.

बृहदारण्यक उपनिषदात हीच साखळी सांगितली आहे: जशी इच्छा तसा निश्चय, जसा निश्चय तसे कर्म, आणि जसे कर्म तसे फळ. निश्चयासाठी तेथे 'क्रतू' हा शब्द आहे. हल्लीची पुस्तके या साखळीचे पहिले टोक एकदम शेवटच्या टोकास जोडतात आणि मधली कर्माची कडी गाळतात. छांदोग्याच्या सातव्या अध्यायातील नारद-सनत्कुमार संवादही या बाबतीत पाहण्यासारखा आहे. तेथे संकल्प हा मनाहून मोठा म्हटला आहे खरा. परंतु पायरी तेथे संपत नाही. संकल्पाहून चित्त मोठे, मग ध्यान, विज्ञान, आणि त्यांच्याही वर बल, बलाहूनही वर अन्न! दहा दिवस न जेवलेल्या माणसाचे ऐकणे, समजणे, करणे सारे मंदावते, असा साधा दाखला त्या ऋषींनी दिला आहे. विचार सर्वशक्तिमान आहे असे मानणाऱ्यांनी अन्नाची ही पायरी अवश्य पाहावी. (गीतेच्या सहाव्या अध्यायात संकल्पांचा त्याग करण्यास सांगितले आहे, तेथे 'संकल्प' म्हणजे हे हवे, ते हवे अशी मनाची धाव असा अर्थ आहे. पूजेतील संकल्पाशी त्याची गल्लत करू नये.)

मनातले मांडे

ताईच्या निधनानंतर मी जे वाचन केले त्यात पाश्चात्त्य मानसशास्त्रज्ञांचे काही प्रयोग आले. ते वाचून मी चकित झालो, कारण ज्या देशांतून ही पुस्तके येतात त्याच देशांतील संशोधक त्यांच्या मूळ गृहीतकाशी सहमत नाहीत.

गाब्रिएल ओटिंगेन या जर्मनीत जन्मलेल्या विदुषी. त्यांनी थॉमस वॅडन यांच्यासह १९९१ मध्ये वजन कमी करण्याच्या एका वर्षभराच्या कार्यक्रमातील पंचवीस स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपणांस हे जमेल अशी ज्यांची अपेक्षा होती त्यांचे वजन अधिक उतरले. पण आपण सडपातळ झालो आहोत, सगळे कौतुक करीत आहेत, अशी गोड चित्रे ज्या मनात रंगवीत होत्या त्यांचे वजन कमी उतरले. २००२ मध्ये डोरिस मायर यांच्यासह केलेल्या अभ्यासात, पदवीनंतर नोकरीच्या शोधात असलेल्या तरुणांपैकी जे उत्तम नोकरीची स्वप्ने अधिक रंगवीत त्यांनी अर्ज कमी केले, त्यांना नोकऱ्या कमी चालून आल्या आणि दोन वर्षांनंतर त्यांचे वेतनही कमी असल्याचे दिसले. पुढे रक्तदाब मोजून केलेल्या प्रयोगांत असे आढळले की मनोहर कल्पना रंगविल्यावर अंगातील उमेद काहीशी उतरते. जणू ध्येय गाठलेच, आता विसावा घ्यावा! आपल्याकडे याला 'मनातले मांडे खाणे' म्हणतात. मांडे मनातच खाल्ले की चूल पेटविण्याची निकड उरत नाही.

अपेक्षा आणि मनोराज्य यांतील हा भेद फार महत्त्वाचा वाटतो. श्रद्धाळू मनुष्य 'श्रींच्या कृपेने मला हे जमेल' असे म्हणतो तेव्हा ती अपेक्षा असते; तिने बळ येते. 'झालेच आहे' असे डोळे मिटून पाहत बसणे हे मनोराज्य.

विद्यार्थ्यांच्या पालकांनी आणखी एक प्रयोग ध्यानात ठेवावा. अमेरिकेतील लीएन फॅम आणि शेली टेलर यांनी १९९९ मध्ये तो प्रसिद्ध केला. परीक्षा आठवड्यावर आली असताना काही विद्यार्थ्यांस रोज पाच मिनिटे, आपणांस उत्तम गुण मिळाले आहेत, आनंद झाला आहे, असे दृश्य डोळ्यांपुढे आणण्यास सांगितले. दुसऱ्या गटास, आपण कोठे बसून, कोणते पुस्तक उघडून, कसा अभ्यास करीत आहोत याचे दृश्य डोळ्यांपुढे आणण्यास सांगितले. दुसऱ्या गटाने अभ्यास लवकर सुरू केला आणि त्यांना गुणही अधिक मिळाले. एकाग्र चिंतनाचा उपयोग आहे तो असा. चिंतन कशाचे करावे, फळाचे की वाटेचे, इतकाच काय तो प्रश्न.

पीटर गॉलविट्झर यांनी त्याच सुमारास मांडलेला विचार तर पूजेला बसणाऱ्यास ओळखीचा वाटेल. नुसते 'मी अमुक करीन' असे ठरविण्यापेक्षा 'अमुक वेळी, अमुक ठिकाणी, अमुक झाले की मी अमुक करीन' असे ठरविले तर ते हातून घडण्याचा संभव पुष्कळ वाढतो. इंग्लंडमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना आठवड्यातून एकदा तरी व्यायाम करावयाचा होता. ज्यांना केवळ माहिती व प्रोत्साहन दिले त्यांच्यापैकी ३५ टक्के विद्यार्थ्यांनी तो केला. ज्यांनी त्याच्या जोडीला दिवस, वेळ आणि जागा लिहून काढली त्यांच्यापैकी ९१ टक्क्यांनी केला. तिथी, वार, गोदावरीचा तीर! ओटिंगेन बाईंनी पुढे जी पद्धत सांगितली तिच्यातही इच्छा व तिच्या फळाचे चित्र यांच्यानंतर लगेच 'आड येणारा अडथळा कोणता' हे पाहण्यास सांगितले आहे. आपण संकल्पानंतर प्रथम विघ्नहर्त्याला बोलावतो, ते विघ्न येणार हे गृहीत धरूनच.

पूर्वजांना हे मानसशास्त्र ठाऊक होते, असे लिहिण्याचा मोह येथे होतो. तो मी आवरतो. संकल्पविधीमागे यज्ञकर्माचे स्वतःचे शास्त्र आहे, त्याला परदेशातील प्रयोगांच्या शिफारसपत्राची गरज नाही. दोन निरनिराळ्या वाटांनी चालणारी माणसे एका ठिकाणी भेटली, इतकेच म्हणतो.

जे आपल्या हाती नाही

अभ्यास, व्यायाम, नोकरीचा अर्ज या गोष्टींत कृतीला वाव असतो. परंतु खिडकीशी येणारी सर्वांत जड मागणी अशी नसते. आजारपण असते. तेथे काय सांगावे?

ताईच्या प्रश्नाचे उत्तर मला फार उशिरा मिळाले. जेम्स कॉइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये डोके व मान यांच्या कर्करोगाच्या १,०९३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. उपचार सुरू होताना त्या रुग्णांची मनःस्थिती कशी होती याची नोंद होती. मन प्रसन्न असलेले आणि मन खचलेले, या दोहोंच्या आयुर्मर्यादेत मनःस्थितीमुळे काही फरक पडल्याचे आढळले नाही. हे वाचून कोणाला निराशा वाटेल. मला मात्र ते वाचताना हायसे वाटले. ताईच्या मनात शंका राहिली असेलही. कोणाच्या राहत नाही? त्या शंकेने आजार उलटला नव्हता.

मग प्रसन्न मनाला काहीच मोल नाही काय? आहे. दिवस बरा जातो, पोटात अन्न जाते, औषध वेळेवर घेतले जाते, भेटावयास येणारी माणसे हसून परततात. तुकोबांनी मन प्रसन्न करण्यास सांगितले ते याहूनही मोठ्या अर्थाने, साधनेचे मूळ म्हणून सांगितले. परंतु प्रसन्नतेची सक्ती करून रुग्णास भीती बोलू न देणे हा निराळाच प्रकार आहे. कोकणातील देवळांत गाऱ्हाणे घालण्याची रीत आहे. मानकरी देवापुढे उभा राहून गावाचे, घराचे जे काही दुःख असेल ते मोठ्याने सांगतो आणि जमलेले लोक एका स्वरात 'होय महाराजा' म्हणून दुजोरा देतात. तेथे कोणी असे म्हणत नाही की दुःखाचे नाव काढू नका, ते ओढले जाईल. देवापुढे दुःख बोलण्याची सोय असणे, हेच देवालयाचे एक मोठे प्रयोजन नव्हे काय? ताईला पाठदुखी बोलता आली असती तर काय झाले असते, हे आता सांगता येत नाही. निदान दोन महिने तिने ती एकटीने सोसली नसती.

पतंजलींनी योगसूत्रांत प्रतिपक्षभावना सांगितली आहे, तिचा आधार पुष्कळदा सकारात्मक विचारांसाठी घेतला जातो. तेथे प्रसंग असा आहे की हिंसा, असत्य, चोरी इत्यादींकडे मन वळू लागले की त्यांच्या परिणामांचे चिंतन करून ते मागे फिरवावे. तो आपल्या आचरणावरचा अंकुश आहे. बाहेरच्या वस्तू ओढून आणण्याचा मंत्र नव्हे.

नवसाची नोंदवही

एक गोष्ट कार्यालयाच्या अनुभवातून सांगतो. नवस फेडावयास येणाऱ्यांची नोंद आमच्याकडे होते. पेढे वाटतात, ओटी भरतात, कोणी दंडवत घालीत येतो, कोणी तुलाभार करतो. ती वही चाळली तर श्रींनी प्रत्येकाचे मागणे पुरविले असेच दिसेल. पण ज्याचा नवस फळला नाही तो ते सांगावयास सहसा येत नाही. त्याच्यासाठी वहीत रकानाच नाही. म्हणून 'अमक्याला आला तसा अनुभव तुम्हांलाही येणारच' असे कोणी छातीठोकपणे सांगू लागला तर, मग तो देवळाबाहेरचा मध्यस्थ असो वा भाषण करणारा वक्ता, या रिकाम्या रकान्याची आठवण ठेवावी. नवसाने मुले होत असती तर पतीची गरज काय होती, असे तुकोबांनी साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी रोखठोक विचारले आहे, आणि ते विठ्ठलाचे भक्तच होते.

काही वर्षांपूर्वी स्पर्धा परीक्षा देणारा एक तरुण लागोपाठ तीन वर्षे परीक्षेपूर्वी अभिषेक करून गेला. तिसऱ्या वर्षी आमच्या ज्येष्ठ गुरुजींनी त्याला ताम्हणासमोर बसवून विचारले, "बाळा, संस्कृत मी म्हणतो, पण 'करिष्ये' म्हणताना तू नेमके काय करणार आहेस ते मला मराठीत सांग." तो गोंधळला. पूजा करीन, म्हणाला. "ती तर आपण दोघे मिळून आत्ताच करतो आहोत. उद्या काय?" बराच वेळ विचार करून तो म्हणाला की पहाटे साडेचार ते साडेसहा, शेजारच्या वाचनालयाच्या ओसरीवर, प्रथम गणित, कारण त्याचीच मला भीती आहे. गुरुजी म्हणाले, "हां, आता सोड पाणी." तो तरुण पुढे उत्तीर्ण झाला की नाही हे मला ठाऊक नाही, तो परत आला नाही. परंतु त्या दिवसापासून आमचे काही गुरुजी हा प्रश्न विचारू लागले आहेत.

पाणी सोडणे

संकल्पाच्या अखेरीस हातावरचे पाणी ताम्हणात सोडतात. मराठी भाषेत 'पाणी सोडणे' या शब्दांचा दुसरा अर्थ आपण सारे जाणतो: एखाद्या गोष्टीवरचा हक्क सोडणे, तिची आशा सोडणे. निश्चय आणि त्याग यांना एकच क्रिया पुरावी, याचे मला नेहमी नवल वाटते. 'करीन' असे म्हणावयाचे आणि त्याच क्षणी हात रिकामा करावयाचा.

दान देतानाही उदक सोडण्याचीच चाल आहे. म्हणून देणगीदार महोदयांस नम्रपणे निवेदन की, संस्थानास दिलेली देणगी ही इच्छापूर्तीची किंमत नव्हे. अमुक रकमेच्या देणगीने अमुक फळ मिळते, असे संस्थानचा कोणताही सेवक सांगणार नाही. कोणी सांगितल्यास ते कार्यालयास कळवावे. ज्यांची इच्छा अद्याप पुरी झालेली नाही अशा कित्येक कुटुंबांनी अन्नछत्रास वर्षानुवर्षे धान्य दिले आहे, हे येथे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

अभिषेकासाठी येणाऱ्या भाविकांस काही सूचना. पावती करताना नाव व गोत्र सांगावे. गोत्र ठाऊक नसल्यास संकोच मानू नये, अशा वेळी काश्यप गोत्राचा उच्चार करण्याची प्रथा आहे. आपली विशेष इच्छा गुरुजींना आधी सांगितल्यास ती संकल्पात घेतली जाते. त्यानंतर आपण स्वतः काय करणार, केव्हा आणि कोठे, हे मराठीत बोलावयाचे असल्यास गुरुजी थांबतात, तेव्हा घाई करू नये. ज्यांना बोलणे अवघड वाटते त्यांनी मनात म्हटले तरी चालते. आजारी व्यक्तीसाठी पूजा करणाऱ्यांनी वैद्यकीय उपचार पूजेसाठी एक दिवसही थांबवू नयेत. साप, विंचू किंवा कुत्रे चावलेल्या माणसास उपचारांपासून रोखून त्याच्यावर मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या अधिनियमान्वये गुन्हा आहे, अशा रुग्णास देवळात न आणता थेट दवाखान्यात न्यावे, संकल्प घरच्या माणसांनी मागाहून केला तरी चालतो. रुग्णास नुसते बसून बोलावयाचे असल्यास सभामंडपाच्या उत्तरेकडील ओवरी दुपारच्या महानैवेद्यानंतर मोकळी असते.

संकल्पाचे उदक पूजा आटोपल्यावर तुळशीवृंदावनात घातले जाते. यजमानांस ते स्वतःच्या हाताने घालावयाचे असल्यास तसे गुरुजींना सांगावे.